एक क्रिस्टल, दोन कामे

पुसेगावला थंडीत सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. खिलार बैलांच्या बाजाराला जेवढी गर्दी, तेवढीच पोरांची गर्दी खेळण्यांच्या पालांपुढे. तिथे मिळणारी रिमोटवरची मोटार उलटी केली, तर बऱ्याचदा तळाला बारीक अक्षरांत '27 मेगाहर्ट्झ' असे छापलेले दिसते. मिरजेत गुडघे शेकायला गेलेल्या माणसाला फिजिओथेरपीच्या खोलीत शॉर्टवेव्ह डायथर्मीचे जे यंत्र लावतात, तेही 27.12 मेगाहर्ट्झवरच चालते. आणि अमेरिकेतल्या महामार्गांवर मालट्रकचे चालक ज्या पेटीतून एकमेकांशी बोलत आले, ती सीबी रेडिओची, म्हणजे सिटिझन्स बँडची, पेटीसुद्धा याच गल्लीत राहते.

हे तिघे शेजारी कसे झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. 27.12 मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना 163 किलोहर्ट्झ एवढी पट्टी जगभर उद्योग, विज्ञान आणि वैद्यकातल्या यंत्रांसाठी राखलेली आहे. या यंत्रांना कुणाशी बोलायचे नसते. त्यांना तापवायचे, वाळवायचे, शेकायचे असते. त्यांच्या गोंगाटात जोखमीची संदेशयंत्रणा कुणी बसवत नाही. भारत सरकारने 2005 मध्ये सर्वसामान्यांसाठी परवान्याविना जी जागा मोकळी केली, ती 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ अशी आहे. वजाबाकी करून पाहिली, की दोन्ही टोके 27.12 पासून बरोबर 163 किलोहर्ट्झवर येतात. म्हणजे नागरिकांना मिळालेली पट्टी हीच त्या यंत्रांची पट्टी. ताकद 5 वॉटपर्यंत, अँटेना संचातच बसवलेली, दुसऱ्याच्या कामात अडथळा आणायचा नाही आणि आपल्याला अडथळा झाला तर संरक्षण मागायचे नाही, या तिच्या अटी.

अमेरिकन सीबीला चाळीस चॅनेल आहेत, 26.965 पासून 27.405 मेगाहर्ट्झपर्यंत. आपल्या पट्टीत त्यांतले पहिले सत्तावीसच मावतात. त्या चॅनेलच्या ओळीतही मधेमधे फटी सोडलेल्या आहेत. पंधरावा चॅनेल 27.135 वर आणि सोळावा 27.155 वर, मधली 27.145 ची जागा दूरनियंत्रणाची. खेळण्यातली मोटार बहुधा तिथेच धावत असते.

आपल्याकडे सीबीची लाट कधी आली नाही. परवान्याची अट सुटेपर्यंत खिशातले मोबाईल आले होते. त्यामुळे सातारा-सांगलीच्या बाजूला अशी पेटी हाती लागते ती परदेशातून आलेल्या कुणाच्या जुन्या सामानात, नाहीतर भंगाराच्या ढिगात. माइकची गुंडाळलेली वायर, चॅनेल फिरवायची खुंटी, सुईचा मीटर, मागे अल्युमिनियमचा पंख्यासारखा पत्रा. टपावर काठीसारखी अँटेना लावून वापरायची ही पेटी 2005 च्या सवलतीत बसत नाही, कारण तिची अँटेना बाहेरची. म्हणून लोक ती कोपऱ्यात टाकतात. टाकू नये. तिच्यावर बोलता आले नाही तरी तिच्यापासून शिकता येते, आणि शिकून झाल्यावर तिच्यातला जवळजवळ प्रत्येक भाग दुसऱ्या कामाला लावता येतो.

चार-सहा स्क्रू काढले की वरचे आणि खालचे झाकण निघते. पहिल्या नजरेत सगळा गोंधळच वाटतो: शंभर-दीडशे रेझिस्टर-कपॅसिटर, आणि त्यांच्या मधे चौकोनी पत्र्याच्या डब्या, माथ्यावर पिवळे, पांढरे, काळे, गुलाबी ठिपके. रेडिओ दुरुस्त करणारे त्यांना 'आयएफटी' किंवा नुसते 'कॅन' म्हणतात. ठिपका म्हणजे फेराइटच्या छोट्या स्क्रूचा माथा. तो आत-बाहेर केला की डबीतल्या कॉइलची ओढ बदलते आणि ती डबी वेगळ्या कंपनाला जागी होते.

हे जागे होणे मिरजेच्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. सितारमेकर गल्लीत, जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे कुठल्याही कारागिराच्या मांडीवर हाच प्रकार चाललेला दिसेल. वरच्या तारेवर स्वर छेडला की पडद्यांखालच्या तरफांपैकी त्या स्वराला जुळलेली तेवढीच तार आपोआप थरथरते, बाकीच्या गप्प राहतात. अँटेनावर एकाच वेळी शेकडो स्टेशने येऊन आदळत असतात. त्यांतल्या एकालाच उत्तर देण्याचे काम त्या डब्या करतात. तरफ खुंटीने जुळवायची, डबी फेराइटच्या स्क्रूने. पदार्थविज्ञान दोन्हीकडे एकच.

डब्यांच्या एका रांगेवर जुन्या कारागिरांचा हात लगेच पडतो, कारण ती रांग ओळखीची असते: 455 किलोहर्ट्झची. मर्फी, बुश, फिलिप्सच्या काळापासून घरोघरच्या रेडिओत हीच मधली कंपनसंख्या वापरात आहे. आकाशवाणीचे सांगली केंद्र 1963 मध्ये सुरू झाले. त्याची मध्यम लहर 1251 किलोहर्ट्झ. घरातला रेडिओ सांगलीवर लावला, की आतला ऑसिलेटर 1706 किलोहर्ट्झवर थरथरत असतो. 1706 मधून 1251 वजा केले की उरतात 455. पुणे लावा, मुंबई लावा, ऑसिलेटर त्या-त्या मानाने सरकतो आणि उरतात ते 455 च. गाळण्याचे आणि मोठे करण्याचे सगळे काम मग या एकाच ठरलेल्या कंपनसंख्येवर होते. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने ही युक्ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 मध्ये, काढली. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तिच्याइतकी देखणी दुसरी कल्पना रेडिओच्या विद्येत क्वचितच सापडेल.

सीबीच्या पेटीत ही वजाबाकी दोनदा होते. पहिल्या चॅनेलचा 26.965 मेगाहर्ट्झचा संदेश आला, की त्यात 16.270 चा स्वर मिसळतात, फरक 10.695. या 10.695 मध्ये पुन्हा 10.240 मिसळतात, फरक 0.455 मेगाहर्ट्झ, म्हणजे आपले जुने 455 किलोहर्ट्झ. दोनदा का? शेजारचा चॅनेल फक्त 10 किलोहर्ट्झवर बसलेला असतो, त्याला बाजूला सारायला खालची कंपनसंख्या सोयीची. पण एकदम 27 मेगाहर्ट्झवरून 455 किलोहर्ट्झवर उडी मारली, तर 910 किलोहर्ट्झ पलीकडचे परके स्टेशन आरशातल्या प्रतिबिंबासारखे आत घुसते. त्याला रोखायला वरची पायरी लागते.

आता त्या 10.240 कडे पाहावे. हा एक क्रिस्टल, करंगळीच्या नखापेक्षा थोडा मोठा, पत्र्याच्या चपट्या डबीतला, बाजूवर आकडा कोरलेला. दुसऱ्या वजाबाकीला लागणारा स्वर तो देतोच. शिवाय चॅनेल बदलणाऱ्या पीएलएल चिपला मोजपट्टीही तोच पुरवतो. 10.240 मेगाहर्ट्झला 1024 ने भागले की नेमके 10 किलोहर्ट्झ येतात, चॅनेलांमधले अंतर जेवढे तेवढेच. 1024 म्हणजे दोनाचा दहावा घात, त्यामुळे दोनाने भागणाऱ्या दहा साध्या पायऱ्यांत हा भागाकार उरकतो. सुरुवातीच्या तेवीस चॅनेलच्या कितीतरी सेटमध्ये डझनाहून अधिक क्रिस्टलांची रांग असे, त्यांच्या जोड्या लावून चॅनेल जमवलेले. पीएलएल आल्यावर ती रांग एक-दोन क्रिस्टलांवर आली. ज्याने हा 10.240 चा आकडा निवडला, त्याने एका दगडात संदेश गाळण्याचे आणि चॅनेल मोजण्याचे अशी दोन्ही कामे बसवली. पेटी उघडून हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचणे आणि कागदावर भागाकार करून पाहणे, यात अभियांत्रिकीचा एक अख्खा धडा होऊन जातो.

पीएलएलचे काम चक्रासारखे चालते. एक ऑसिलेटर असतो, ज्याची कंपने त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजप्रमाणे वरखाली होतात. त्याची कंपने खाली आणून चॅनेलच्या खुंटीने ठरवलेल्या संख्येने भागायची, आलेला भागाकार 10 किलोहर्ट्झशी ताडून पाहायचा. जास्त भरला तर व्होल्टेज एका बाजूला ढकलायचे, कमी भरला तर दुसऱ्या. सेकंदाच्या छोट्याशा अंशात दोन्ही जुळतात आणि चॅनेल पक्का होतो. पीएलएल-झिरो-टू-ए किंवा एमबी-8719 असे आकडे ज्या चिपवर दिसतील, तिथेच हे चालते. जवळच एक कॉइल मेणाने भरलेली असेल. गाडीच्या हादऱ्यांनी तार हलली तर आवाज थरथरेल, म्हणून ते मेण. ते खरवडून काढण्याची घाई नवशिके करतात आणि मग सेट बोलताना थरथरतो.

मागच्या पत्र्याला बोल्टाने आवळलेला तो शेवटचा ट्रान्झिस्टर. मधे अभ्रकाची पातळ चकती, तिला पांढरे मलम. उष्णता पत्र्यात जावी पण वीज जाऊ नये, यासाठी अभ्रक. ट्रान्झिस्टरवर 2एससी-2078 किंवा 2एससी-1969 असे काही वाचायला मिळते. अँटेना न लावता माइकचे बटण दाबले, की बाहेर पडायला जागा न मिळालेली शक्ती उलटून यालाच जाळते. म्हणून पेटी तपासताना मागे 50 ओहमचा डमी लोड हवा. काही कार्बन रेझिस्टर समांतर जोडून तो घरी करता येतो, त्याला दुकानात जायला नको. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने डब्यांचे फेराइट फिरवू नये, ते तडकते. प्लॅस्टिकची काडी तासून घ्यावी.

एवढे कळले, की पेटीचे तुकडे मोकळे होतात. आवाज मोठा करणारा भाग सगळ्यांत आधी कामाला येतो. सीबीत बोलणे एएम पद्धतीने पाठवतात, म्हणजे माइकच्या आवाजाने शेवटच्या ट्रान्झिस्टरची वीजच वरखाली करावी लागते. त्यासाठी पेटीत तीन-चार वॉटचा दणकट ऑडिओ अँप्लिफायर आधीच असतो. बऱ्याच सेटच्या मागे 'पीए' असे लिहिलेले भोक दिसते. तिथे कर्णा जोडून खुंटी त्या बाजूला केली, की प्रक्षेपण बंद आणि माइकचा आवाज थेट कर्ण्यावर. बारा व्होल्टची मोटारची बॅटरी, ही पेटी आणि एक कर्णा: वीज गेलेल्या गावात दवंडी द्यायला एवढे पुरते. यात अँटेनाच नाही, त्यामुळे हवेत काही प्रक्षेपितही होत नाही.

455 च्या डब्या, गाळणी आणि डिटेक्टर जुन्या रेडिओच्या दुरुस्तीला तशाच्या तशा बसतात. सुईचा मीटर, एक डायोड आणि हातभर तार घेतली तर अँटेनातून किती शक्ती बाहेर पडते हे दाखवणारे साधन तयार होते. क्रिस्टलभोवती एक ट्रान्झिस्टर उभा केला की रिसीव्हर जुळवायला स्थिर स्वर मिळतो. यातले बरेचसे सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला विकत मिळेलही. पण विकत आणलेल्या डबीला इतिहास नसतो. पेटीतून काढलेली डबी कुठे होती, तिच्याआधी काय होते, नंतर काय होते, हे हाताला ठाऊक असते.

सगळ्यांत मोठा पालट मात्र पेटी न फोडता करायचा आहे, तिला 28 मेगाहर्ट्झवर नेण्याचा. अमेरिकेत सीबीला 1958 मध्ये 27 मेगाहर्ट्झची जागा मिळाली, तीही तिथल्या हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, अकरा मीटरच्या पट्ट्यातून काढून. पुढे 1973 च्या तेलटंचाईत ट्रकवाल्यांनी सीबी घराघरांत पोचवला. 1 जानेवारी 1977 पासून तेवीसचे चाळीस चॅनेल झाले आणि जुने तेवीस चॅनेलचे नवेकोरे सेट दुकानांत पडून राहिले. हॅम लोकांनी ते मातीमोल किमतीत उचलले आणि वरच्या 28 मेगाहर्ट्झच्या, दहा मीटरच्या पट्ट्यावर चढवले. त्यांच्या हातून गेलेली जागा अशा रीतीने त्यांना यंत्रांच्या रूपाने परत मिळाली.

हे जमते, कारण दोन्ही पट्टे शेजारी आहेत. 27.2 वरून 28.4 मेगाहर्ट्झवर जायला साडेचार टक्क्यांहून कमी सरकावे लागते. त्यासाठी कॉइलची ओढ आठ-नऊ टक्के कमी झाली की पुरे, आणि एवढी मुभा डबीतला फेराइटचा स्क्रू बाहेर काढूनच मिळते. अवघड असते ते पीएलएलला पटवणे. काही सेटमध्ये मिश्रणाचा वेगळा क्रिस्टल असतो, तो बदलला की सगळे चॅनेल एकदम वर सरकतात. काहींत भागाकाराची संख्या ठरवणारी चिपची पिन उचलावी लागते. आजच्या विद्यार्थ्याला याहून सरळ वाट आहे: पीएलएलचा स्वर तोडायचा आणि त्या जागी एसआय-5351 या चिपचे छोटे मॉड्यूल आर्डुइनोला जोडून त्याचा स्वर सोडायचा. 10.695 च्या सेटला 28.400 वर ऐकायचे तर हिशेब सोपा, 28.400 वजा 10.695, म्हणजे 17.705 मेगाहर्ट्झ. जुन्या पेटीची गाळणी आणि आजचा मायक्रोकंट्रोलर अशी ही सोयरीक छान टिकते. सुरुवात ऐकण्यापासून करावी. पाठवण्याचा भाग जुळवायचा तो परवाना हातात आल्यावर, कारण 28 मेगाहर्ट्झ हा हौशी चालकांचा पट्टा आहे आणि तिथे बोलायला परीक्षा देऊन मिळालेला परवाना आणि कॉलसाइन लागतेच.

इथे एक मोह टाळला पाहिजे, शक्ती वाढवण्याचा. सीबीची पेटी हाती आली की अनेकांना तिचे चार वॉट वाढवून शंभर करायचे असतात. मीटरवरचा एक एस-अंक चढायला शक्ती चौपट लागते. चाराचे सोळा वॉट केले तरी पलीकडच्याची सुई एकाच घराने हलते. त्यापेक्षा अँटेना उंच आणि नीट मापाची केली तर खर्च तारेचा आणि बांबूचा. 28.4 मेगाहर्ट्झच्या डायपोलला टोकापासून टोकापर्यंत पाच मीटर तार लागते, गच्चीवर धोतर वाळत घालायच्या दोरीएवढी. सूर्यावरचे डाग वाढलेले असतात त्या वर्षांत एवढ्या तारेवर दहा वॉटांत दुपारी युरोपपर्यंत पोचता येते. सध्याच्या सौरचक्राचा जोर 2024 मध्ये शिगेला पोचला होता.

रेडिओचे सुटे भाग नव्या कामाला लावण्याचा मुंबईतला एक प्रसंग या प्रांताने विसरू नये. दुसरे महायुद्ध सुरू होताच 1939 मध्ये ब्रिटिश सरकारने हौशी रेडिओचालकांचे परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करायला लावली. नरिमन प्रिंटर हे त्यांतले एक. ऑगस्ट 1942 मध्ये चले जावचा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली, आणि उषा मेहता, विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर या तरुणांनी काँग्रेस रेडिओ उभा केला. ट्रान्समीटर जुळवण्यात प्रिंटरांचे ज्ञान होते आणि शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींकडून सामग्रीची मदत होती. जागा बदलत बदलत तो 12 नोव्हेंबर 1942 पर्यंत चालला. शेवटी प्रिंटरच पोलिसांना फितले आणि गिरगावात छापा पडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

या रेडिओची लहर 42.34 मीटरची होती. कंपनांत मोजली तर ती 7.08 मेगाहर्ट्झ भरते, म्हणजे हौशी चालकांच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यातली. परवाना हिसकावून घेतलेल्या लोकांच्या जागेवरूनच देशाचा आवाज निघत होता. पुढच्या वर्षी याच सातारा जिल्ह्यात, ज्यात तेव्हा तासगाव, वाळवेही होते, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले.

आज या दोन्ही जिल्ह्यांना शत्रू आहे तो पाऊस. सांगलीत आयर्विन पुलावर 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका मानतात. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा तिथे 57 फुटांच्या वर गेली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना काढणारी बोट उलटली. विजेअभावी मोबाईलचे मनोरे मुके झाले, आणि त्या दिवसांत हौशी रेडिओचालकांनी पूरग्रस्त भागातून निरोप पोचवले. दोन वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. रस्ते तुटलेले, वीज नाही, आणि कोयनेच्या त्या खोऱ्यात मोबाईलला चांगल्या दिवशीही एका वळणावर रेंज तर पुढच्या वळणावर नाही. मदतीची तुकडी वाटेवर आणि गाव दरडीपलीकडे, अशी गत.

अशा वेळी 27 मेगाहर्ट्झची पेटी घेऊन बसावे, असे सुचवायचे नाही. संचातच बसवलेली आखूड अँटेना आणि 5 वॉट यांत डोंगराआड फार तर काही किलोमीटर जाता येते. अकरा मीटरच्या लहरीला पाव मापाची अँटेना म्हटली तरी पावणेतीन मीटरची लागते; हातातल्या संचात ती कॉइल घालून आखडावी लागते आणि निम्म्याहून अधिक शक्ती तिथेच जिरते. आपत्तीत चालतात ते हौशी चालकांचे पट्टे: जवळच्या निरोपाला 144 मेगाहर्ट्झ, आणि डोंगर ओलांडायला 7 मेगाहर्ट्झ, जे खालून सरळ वर जाऊन आकाशातल्या थरावरून दीड-दोनशे किलोमीटरच्या परिघात परत उतरते. ज्याने सीबीची पेटी उघडून, जुळवून, पालटून पाहिलेली असते, तो माणूस या पट्ट्यांवरचा सेट चिखलात पडला, फ्यूज उडाला, अँटेना तुटली तरी हतबल होत नाही. त्याला आत काय आहे ते माहीत असते.

हैदराबादच्या अशहर फरहान यांनी हे फार चांगले ओळखले. बिटएक्स नावाचा त्यांचा ट्रान्सीव्हर बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा राहतो, आणि त्याच्या पहिल्या रूपात तर कॉइल गुंडाळायला नळाचे नायलॉनचे वॉशर वापरले होते. जगभरच्या हौशी लोकांनी तो बांधला. महागडे परदेशी सामान मिळत नाही म्हणून रेडिओ बांधता येत नाही, ही सबब त्याने कायमची निकालात काढली. सीबीची पेटी त्याच रांगेत बसते. तिच्यात गाळणी आहे, मिक्सर आहे, शक्ती वाढवणारा भाग आहे, आणि चुकून बिघडली तर हळहळ वाटावी इतकी ती महागही नाही.

कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून आहे, सांगलीला वालचंद 1947 पासून. तालुक्या-तालुक्यांत आयटीआय आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत मुले आज तयार बोर्डांवर तारा टोचून प्रयोग करतात आणि तासाअखेर त्या तारा उपसून ठेवतात. त्यांच्यापुढे वर्षातून एकदा तरी अशी एखादी जुनी पेटी उघडी करून ठेवावी, 10.240 चा क्रिस्टल शोधायला लावावा, भागाकार फळ्यावर करवून घ्यावा, मग डमी लोडवर सेट जुळवू द्यावा. कॉलेजच्या गच्चीवर पाच मीटरची तार आणि एक हौशी केंद्र उभारावे, आणि ते जूनच्या आत चालू असावे, कारण कोयना धरणाचे दरवाजे ऑगस्टपर्यंत कुणासाठी थांबत नाहीत.

परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. मर्यादित (रिस्ट्रिक्टेड) श्रेणीच्या परीक्षेत रेडिओची मूलतत्त्वे आणि नियम एवढेच विषय असतात, मोर्स लिपी लागत नाही. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही तिला बसता येते, आणि अर्ज 'सरल संचार' या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो.